उलट्या शेंड्याची टोपी

माझ्या हातची पहिली लोकरीची टोपी घातली ती आमच्या घरच्या दह्याच्या पातेल्याने. माणसांपैकी कुणी तयारच नव्हतं. ठाण्यात लोकरीची टोपी घालून हिंडायचं म्हणजे एकतर अंगात ताप हवा, नाहीतर वय पंच्याहत्तरच्या पुढे हवं, आणि आमच्या कोपरीच्या घरात तेव्हा ताप एकट्या मला होता. तो उतरला आणि जाताना कावीळ ठेवून गेला. बारावीचं वर्ष, ऐन जानेवारी, आणि डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत सांगितलं, दोन महिने पलंगावरून उतरायचं नाही. परीक्षा बुडणार म्हणून आई रडली. मी रडण्यासारखं तोंड केलं. फिजिक्सचा अभ्यास कुठवर आलाय हे घरात फक्त मला ठाऊक होतं, त्यामुळे मनातून मी त्या काविळीचा आभारीच होतो.

काविळीचं पथ्य ज्याने पाळलंय त्यालाच ते कळेल. तेल नाही, तूप नाही, तिखट नाही. सकाळी उसाचा रस, दुपारी मऊ भात, संध्याकाळी साळीच्या लाह्या, आणि मध्ये कुणी आलं की त्यांनी आणलेला मुळ्याचा पाला. आमची इमारत तीन मजली, प्रत्येक मजल्यावर सामायिक गॅलरी, आम्ही वरच्या मजल्यावर. खालच्या सिंधी काकू गच्चीवर पापड वाळत घालायला जाताना माझ्या उशाशी थांबून एक औषध सांगायच्या आणि पापड गोळा करून उतरताना दुसरं. दुपारी सगळं शांत झालं की स्टेशनवरच्या घोषणा अगदी पलंगाजवळ आल्यासारख्या ऐकू यायच्या, आणि आई सुकटीची चटणी करायला घेई. तो वास घेत मी लाह्या चावायचो. तिला कितीदा म्हटलं की निदान दार तरी लाव, तर म्हणायची, "वासाने काय कावीळ वाढते? वासावर खा लाह्या."

या कंटाळ्यातून मला सोडवलं पारकर चाचांनी. ते आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. दापोलीकडचे, आयुष्यभर बोटीवर खलाशी होते, आणि आता निवृत्त होऊन गॅलरीतल्या लाकडी बाकावर बसून विणायचे. हो, विणायचे. सहा फूट उंच, दाढी पांढरी, मनगटावर नांगर गोंदलेला, आणि हातात लोकर. सुरुवातीला पोरांनी हसून घेतलं होतं, पण चाचांना हसण्याचं काही वाटत नसे. बोटीवर महिनोन् महिने दुसरं काय करणार, असं ते विचारायचे. आई कामात असली की मी हळूच पलंगावरून उठून त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसायचो. एक दिवस त्यांनी मला सुया दिल्या. पाच सुया, दोन्हीकडून टोकाच्या.

"चार सुया टोपी धरतात, पाचवी चालते," ते म्हणाले. "गोल गोल जायचं. दोन सुलट, दोन उलट. मागे वळायचं नाय. शिवण नाय पायजे टोपीला. शिवण म्हणजे दरवाजा, वारा तिथनंच आत शिरतो."

दोन सुलट, दोन उलट. मी फिजिक्सच्या पुस्तकावर कधी खर्च केली नव्हती तेवढी बुद्धी त्यावर खर्च केली. पहिल्या आठवड्यात माझ्याकडून जे तयार झालं ते बघून चाचा म्हणाले, "मासा पकडायला चालेल." दुसऱ्या आठवड्यात एक नळी झाली. तिसऱ्या आठवड्यात, त्यांच्या एका जुन्या निळ्या स्वेटरची उसवलेली लोकर घेऊन मी खरोखरची टोपी विणली, उभ्या पट्ट्यापट्ट्यांची, ताणली की ताणणारी, सोडली की अंग आवळून घेणारी. वर शेंड्याला टाके कमी कमी करत आणले, उरलेल्या आठ टाक्यांतून धागा ओवून आवळला, आणि भोक बंद. तो क्षण मला अजून आठवतो. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी काहीतरी पूर्ण केलं होतं.

बाबांनी ती डोक्यावर चढवली आणि लगेच काढली. "घाम येतो," म्हणाले. नंदाताईने चष्म्यापर्यंत ओढली आणि काढली. शेवटी आईने ती हातात घेऊन इकडून तिकडून दाबली आणि सरळ स्वयंपाकघरात नेली. थंडीत तिचं दही लागत नव्हतं. विरजण लावून ती पातेलं कधी टॉवेलात, कधी बाबांच्या जुन्या मफलरात गुंडाळायची, आणि सकाळी तरी दुधाचं दूधच. त्या रात्री पातेल्याला माझी टोपी घातली. सकाळी दही असं लागलं होतं की चमच्याने काढलं तर बाजूची भिंत उभी राहायची. त्यानंतर ती टोपी पातेल्याचीच झाली. मला मान्य करायला हवं की मी थोडा दुखावलो होतो. पण दही खरंच चांगलं व्हायचं, आणि मला ते पथ्यात चालायचंही नाही.

(हल्ली मात्र ठाण्यात लोकरीच्या टोपीला बरे दिवस आलेत. घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर मुलाच्या घरी मी राहतो, तिथे एसी अठरावर असतो. मी हॉलमध्ये टोपी घालून बसतो आणि बाहेर गॅलरीत गेलो की काढतो. नात म्हणते आजोबा तुम्ही उलटे आहात.)

आता नंदाताईचं सांगायला हवं. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. बोटं इतकी जलद की तिने टेबलावर नुसता ताल धरला तरी पत्र टाईप झाल्यासारखं वाटायचं. जाड चष्मा, बोलणं फटकळ, आणि पाच स्थळं येऊन गेलेली. पाचही जणांनी पोहे खाल्ले आणि चष्म्याकडे बघून "कळवतो" म्हणून गेले. ती स्थळं आणायची आमची बेबीआत्या, बाबांची थोरली बहीण, डोंबिवलीची. आत्याचा एक ठाम समज होता की मुलगी कशी आहे याला महत्त्व नाही, मुलीने काय काय केलंय ते दिसायला हवं. त्यामुळे पाहुणे येणार म्हटलं की आत्या सकाळीच पिशवी घेऊन हजर. सिंधी काकूंच्या सुनेने केलेला मण्यांचा मोर आमच्या टीव्हीवर येऊन बसायचा, आत्याच्या जावेचा भरतकामाचा टेबलक्लॉथ आमच्या टेबलावर अंथरला जायचा, आणि प्रत्येक वस्तूकडे बोट दाखवून आत्या म्हणायची, "हे आमच्या नंदाचंच." ताईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ती खाली मान घालून बसायची. पाहुण्यांना वाटायचं, लाजते आहे.

सहावं स्थळ कल्याणचं. मुलगा अरविंद, आणि बरोबर फक्त त्याची आई. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण-विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. हे आत्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर तिने मोर घरी नेऊन ठेवला असता. सुकटीचा वास जावा म्हणून आईने सकाळपासून एवढ्या उदबत्त्या लावलेल्या की बाई आत येताच दोनदा शिंकल्या. मला पडद्यामागे, स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलेलं. पिवळ्या डोळ्यांचा भाऊ दिसला तर लोकांना वाटेल घराण्यातच आहे, असं आत्याचं म्हणणं.

पोहे आले. आत्या बोलत होती. बाईंनी मोर उचलून खालून बघितला आणि जिथल्या तिथे ठेवला. अरविंद गप्प. आल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो, आणि मला दिसलं की तोही पडद्याच्या फटीतूनच बघतोय, पण माझ्याकडे नाही, माझ्या डोक्यावरून कडाप्प्याच्या फळीकडे.

"ती पातेल्यावरची टोपी कुणी विणली?" त्याने विचारलं.

 दह्याची टोपी दाखवायच्या वस्तूंमध्ये धरलीच नव्हती. पण आत्या ती आत्या. "अगं बाई, ती होय? नंदाचीच! तिला सवयच आहे, जाता येता विणत असते."

अरविंद मग एकदम बोलायला लागला. तो वागळे इस्टेटमध्येच एका कोल्ड स्टोरेजला कामाला होता. उणे अठरामध्ये आत जायचं, मशीनं तपासायची, आइस्क्रीम आणि मटारच्या खोक्यांमधून फिरायचं. कान दुखून येतात, म्हणाला. टोपी घातली तर शिवण डोक्याला मागे टोचते आणि वारा नेमका तिथूनच आत येतो. पडद्यामागे मी मान डोलावली. दरवाजा!

आईने टोपी पातेल्यावरून काढून आणून दिली. बाईंनी ती उलटी केली, सुलटी केली, ताणली, पुन्हा उलटी केली. शिवण शोधत होत्या. "पाच सुयांवर?" त्यांनी विचारलं.

"पाच काय, सात सुयांवर विणते ती," आत्या म्हणाली.

बाईंनी आत्याकडे बघितलं नाही. ताईकडे बघून म्हणाल्या, "मला हे कधी जमलं नाही गं. आम्ही दोन सुयांवर सपाट विणायचो आणि मागे शिवायचो. गोल विणायला घेतलं की शेंड्याशी येऊन मी अडते. असं कर, याच्यासाठी एक विण. पण शेंडा राहू दे. पंधरा दिवसांनी मी येते, माझ्यासमोर शेंडा बंद करून दाखव. मला शिकायचाय."

ते गेले. बाबा म्हणाले, सरळ सांगून टाकू की विलासने विणलीय. आत्या किंचाळली, "म्हणजे मुलीला येत नाही आणि मुलगा विणतो, दोन्ही एकदम कळू दे! हिचंही लग्न राहील आणि उद्या याचंही!" मग सगळ्यांनी ताईकडे बघितलं. ताई ताटलीतले उरलेले पोहे बोटाने एकत्र करत होती. "मला हा आवडलाय," ती म्हणाली. आमच्या घरात असं वाक्य कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. "पाच जणांनी विचारलं स्वयंपाक येतो का. याने टोपीचं विचारलं. आणि कान दुखतात म्हणाला, ते खरं वाटलं मला." तिचा आवाज थोडा हलला, म्हणून ती लगेच माझ्यावर ओरडली, "विल्या, काय बघतोस? शिकव मला."

पहिला प्रश्न मापाचा. पाव्हण्याच्या डोक्याचं माप मागणार कसं? आत्याने सांगितलं, डोकं मोठं आहे, म्हणजे हुशार असेल. त्याने विणता येत नाही. तेव्हा ताई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि मांडणीवरची पातेली एकेक करून खाली काढायला लागली. दह्याचं पातेलं बघून म्हणाली, "छे, याहून मोठं." आमटीचं बघून म्हणाली, "हे जरा जास्तच. कपाळ रुंद आहे, पण मागे एवढं नाही." मग दुधाचं पातेलं हातात घेतलं, लांब धरलं, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, परत बघितलं. "हे," म्हणाली. "अगदी हे." बाबा फिटर. त्यांनी खिशातली स्टीलची टेप काढून पातेल्याभोवती गुंडाळली आणि कारखान्यात बोलतात त्या आवाजात जाहीर केलं, "बावीस इंच दोन सूत." आई ताईकडे बघत राहिली. "पोहे देताना एवढं बघून घेतलंस?" ताई म्हणाली, "दुसरं काय करणार, खाली मान घालून बसल्यावर वर बघायचा तेवढाच चान्स असतो."

चॉकलेटी लोकर आली. ठरलं असं की टोपीचा अंगाचा भाग मी विणायचा आणि ताईने फक्त शेंडा शिकायचा. चाचांच्या पाच सुया टोपीत अडकल्या, म्हणून ताईच्या सरावासाठी बाबांनी सायकलच्या तारा तोडून कारखान्यात त्यांना टोकं काढून आणली. आता बसायचं कुठे? गॅलरीतल्या बाकावर बसलो तर सगळ्या इमारतीला कळणार. आत बाहेरच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये एवढीशीच जागा की शेजारी शेजारी दोन माणसं बसूच शकत नाहीत. म्हणून मी पलंगावर आणि ताई समोर स्टुलावर, गुडघ्याला गुडघे लावून. ती ऑफिसातून आली की चहा व्हायचा, दार लागायचं, आणि शिकवणी सुरू.

ताई सुई स्क्रू ड्रायव्हरसारखी धरायची. टाका सुटला की शिवी द्यायची, आणि ती शिवी भिंतीपलीकडे चाचांना ऐकू जायची, मग ते खोकायचे. पण टायपिस्टची बोटं ती, एकदा वळण लागलं की थांबायची नाहीत. ती माझ्या हातांकडे बघून तसंच्या तसं करायची. माझ्या डाव्या हाताच्या समोर तिचा उजवा, माझ्या उजव्याच्या समोर तिचा डावा. मला समोरून ते अगदी बरोबर दिसायचं, आरशात बघितल्यासारखं. चौदा दिवसांत तिने लिंबाएवढे नऊ शेंडे विणले, पहिल्या टाक्यापासून स्वतःच घालून, आणि शेवटचे तीन तर माझ्याहून सफाईदार. मी तिला म्हटलं, ताई, तू पास. तिने पहिल्यांदाच माझ्या केसांतून हात फिरवला, त्या हातात सुई होती.

(नात मोबाइलवर बघून विणायला शिकतेय. त्यातली बाई म्हणे कॅमेरा डोक्यावर लावते, म्हणजे हात आपल्यालाच फुटल्यासारखे दिसतात. आमच्या पलंगावर कुणी असा कॅमेरा लावला असता तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.)

पंधरावा दिवस रविवार. बाई आणि अरविंद आले. आत्या सकाळपासूनच आलेली. मी पडद्यामागे. ताईने माझी अर्धी टोपी बाहेर आणली, चार सुयांवर गोल ताणलेली, वरून उघडी. बाई खुर्ची ओढून तिच्या अगदी शेजारी बसल्या, बॅगेतून वहीपेन काढलं, चष्मा लावला. ताईने पाचवी सुई उचलली. आणि विणायला लागली.

चार टाके झाले. बाईंचं पेन थांबलं. सहा झाले. "थांब," त्या म्हणाल्या. "डावखुरी आहेस का तू?"

"नाही," ताई म्हणाली.

"मघाशी चहा उजव्या हाताने ओतलास म्हणून विचारलं." बाईंनी टोपीवर बोट ठेवलं. "हे बघ. हा धागा इथे आहे. म्हणजे ज्याने इथवर विणलं तो उजवीकडून डावीकडे आलाय. तू डावीकडून उजवीकडे निघालीस. आल्या वाटेने परत. स्वतः विणलेल्या टोपीत कुणी असं वळत नाही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही तू विणलेली नाहीस."

पडद्यामागे मी स्टुलावरून उठलो. मला सगळं एकदम दिसलं. मी बाकावर चाचांच्या शेजारी बसून शिकलो. ताई माझ्या समोर बसून शिकली. मी माझ्या बहिणीला चौदा दिवस मन लावून उलटं शिकवलं होतं.

"तिला दोन्ही हातांनी येतं!" आत्या म्हणाली. "सकाळी उजव्या, संध्याकाळी डाव्या!"

मी पडदा सारून बाहेर आलो. "मी विणलीय," म्हटलं. बाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, डोळ्यांशी आल्यावर थोड्या मागे सरकल्या. "तू?"

"हो. मला कावीळ झालेली," मी म्हणालो, जणू त्याने सगळा खुलासा होत होता.

ताईने सुया मांडीवर ठेवल्या. चष्मा काढला, आणि चष्मा काढल्यावर ती एकदम लहान दिसायची. "मला विणता येत नव्हतं," ती म्हणाली. "मोर पण माझा नाही. टेबलक्लॉथ पण नाही. तुम्ही 'कळवतो' म्हणून जाऊ नये असं मला वाटत होतं, म्हणून शिकले. शेंडा मला खरंच येतो. उलटा येतो हे मलाही आत्ताच कळलं."

 आईने पदर तोंडाला लावलेला. मला वाटलं, गेलं. माझ्यामुळे गेलं. सहावंही गेलं, आणि या वेळी चष्म्यामुळे नाही. तेवढ्यात बाईंनी काय केलं, तर ती अर्धी टोपी सुयांसकट उचलली आणि शेजारी बसलेल्या अरविंदच्या डोक्यावर चढवली. टाळूवर सुयांचा चौकोन, त्याच्या मधून त्याचे केस. त्याने मान हलवली नाही. बाईंनी टोपी कानांवर ओढली, कपाळावर बोट फिरवलं, मागे जाऊन बघितलं. टोपी बसली होती. घट्ट नाही, सैल नाही.

"माप कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"बावीस इंच दोन सूत," बाबा म्हणाले. "पातेलं मी मोजलं. कुठलं पातेलं ते नंदाने सांगितलं."

"पातेलं?"

आई आत गेली आणि दुधाचं पातेलं घेऊन आली. रिकामं करायला वेळ नव्हता, अर्ध्या दुधासकट आणलं. बाईंनी ते दोन्ही हातांनी धरून मुलाच्या डोक्याशेजारी नेलं, डोक्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं, रागाने. मग दूध हिंदकळलं आणि कळलं की बाई हसताहेत. "सव्वीस वर्षं मी याला टोप्या विणतेय," त्या म्हणाल्या. "एक धड बसली नाही. एक डोळ्यांवर, एक टाळूवर. पोटच्या पोराचं डोकं मला कधी कळलं नाही. आणि हिने पोहे देताना एकदा बघितलं!" पातेलं आईच्या हातात देऊन त्यांनी टोपी उतरवली आणि ताईच्या मांडीवर ठेवली. "पूर्ण कर. उसवू नकोस. तुझ्या बाजूनेच जा. मी लिहून घेते."

ताईने चष्मा लावला. सुया नीट लावून घेतल्या. चाचा एव्हाना उघड्या दारात येऊन उभे होते. ताई गोल गोल गेली, स्वतःच्या वाटेने, टाके कमी करत, आणि बाई वहीत लिहीत गेल्या. जिथे माझी वाट संपून तिची सुरू झाली तिथे एक भोक पडलं, करंगळी जाईल एवढं. ताईने घाबरून माझ्याकडे बघितलं. चाचा दारातून म्हणाले, "एक दरवाजा राहू दे. घर हाय ना ते." शेवटच्या आठ टाक्यांतून धागा ओवला, आवळला, शेंडा बंद.

"मला चालेल," अरविंद म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं पहिलं वाक्य. टोपीबद्दल बोलला की ताईबद्दल हे कुणी विचारलं नाही, कारण त्याचे कान लाल झाले होते. आत्याने लगेच मोर पिशवीत टाकला.

(भाऊजी ती टोपी निवृत्त होईपर्यंत कामावर घालायचे. भोकातून डाव्या कानावर गार वारा येतो अशी त्यांची कायमची तक्रार. मी कितीदा म्हटलं, द्या, दोन टाक्यांत बुजवून देतो. तर टोपी डोक्यावर दाबून धरतात. ताईने पुढे तिच्या मुलीला विणायला शिकवलं, तेही समोर बसून, आणि ती पोरगी सुलट विणायला लागली. ताईला अजून वाटतं की मुलीचंच कुठेतरी चुकतं.)

पण मला त्या संध्याकाळचं सांगायचंय. पाहुणे निघाले तेव्हा फेब्रुवारीच होता, तरी चांगलं उकडत होतं, बाई पदराने वारा घेत होत्या. अरविंदने टोपी काढली नाही. जिना उतरला, रस्त्यावर आला, तरी डोक्यावर टोपी. आम्ही सगळे गॅलरीत उभे, मी, ताई, आई, बाबा, आत्या, चाचा. कोपरीच्या रस्त्यावर रविवारची गर्दी, सगळे अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आणि त्यात एक माणूस कान झाकणारी चॉकलेटी लोकरी टोपी घालून घाम पुसत स्टेशनकडे चाललेला. लोक वळून बघत होते. भाजीवाल्याने तर त्याला काहीतरी विचारलं, बहुतेक तब्येतीचं. त्याने हसून मान हलवली. ताई कठड्यावर इतकी वाकली की आईने मागून तिचा पदर धरून ठेवला. ती रडत होती आणि तिला ते कळत नव्हतं, चष्म्यावर पाणी आलं तसाच पुसून पुन्हा बघत होती.

"शेंडा चांगला बंद केलास," चाचा तिला म्हणाले. "उलटा हाय, पण बंद हाय."

तो खूप लांबवर दिसत राहिला. वरच्या मजल्यावरून बघताना माणसाची टोपी वरूनच दिसते, म्हणजे शेंडा दिसतो, उलट्या बाजूने गोल फिरत आत मिटलेला, ताईने विणलेला. खालचा सगळा भाग, शहाण्णव टाक्यांच्या ओळींमागून ओळी, दोन सुलट दोन उलट, पलंगावर पडून विणलेला, तो माझा. वरून तो अजिबात दिसत नव्हता. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाटलं.